अकरा दीनार सुर्ख

एका मंगळवारी सकाळी कुवेतहून तार आली. माझ्या शाळेच्या वाटेवरच्या खालाचा नवरा तिथे वारला होता. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तिच्या घरी बैठक बसली. त्या बैठकीत मी एक आकडा सांगितला, तो कागदावर लिहिला आणि खाली सही केली.

पंचाहत्तर सालच्या आगेमागे घडलेली ही गोष्ट आहे. मी तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते. रोज सकाळी कोन गावाहून बसने यायचे, नाक्यावर उतरायचे आणि शाळेपर्यंत एका गल्लीतून चालत जायचे. गल्लीत दोन्ही बाजूंना लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडी, आणि शेडींच्या मध्ये दाबून बसवल्यासारखी घरं. त्यातल्या एका घराच्या दारात खाला कांड्या भरत बसलेली असायची. गल्ली तिला दिनारखाला म्हणायची. तिचं खरं नाव मला त्या बैठकीच्या दिवशी, निकाहनाम्यातून कळलं. पण ते इथे लिहिण्याचा हक्क माझ्याकडे उरला आहे असं मला वाटत नाही.

खालाला अक्षरओळख नव्हती. सही म्हणून ती अंगठा द्यायची. पण एका हाताने चरखा फिरवत, दुसऱ्या हातातला धागा कांडीवर सोडत ती दिनारांचे रुपये असे करायची की मला खडू उचलायलाही वेळ मिळू नये. चाळीस दिनार आणि साडेसातशे फिल्स, भाव सत्तावीस रुपये साठ पैसे, मी मनात गुणाकार मांडेपर्यंत तिचं उत्तर यायचं आणि वर विचारणा, "बाई, तुम्ही मुलांना असंच हळूहळू शिकवता काय?" मी पडताळा घ्यायचे. पैशाचाही फरक निघायचा नाही. एका दिनारात हजार फिल्स असतात हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी तिच्याकडून ऐकलं होतं.

ओळख झाली ती बँकेच्या एका फॉर्मवरून. नवरा तिथे एका अरबाच्या कापडदुकानात कामाला होता आणि ड्राफ्टने पैसे पाठवायचा. उर्दू पत्र गल्लीत कोणीही वाचून द्यायचं, इंग्रजी फॉर्म मात्र अडून बसायचा. एका सकाळी तिने मला दारातूनच हाक मारली, "ओ शाळावाल्या बाई, जरा हा कागद काय बोलतो ते सांगा." मी थांबले, सांगितलं आणि भरूनही दिला. दुसऱ्या दिवशी तिने वाटीभर शीरखुर्मा पुढे केला आणि विचारलं, "पेपर वाचता ना? त्यात दिनारचा भाव येतो, म्हणे." आमच्या शाळेत इंग्रजी पेपर यायचा. त्याच्या बाजाराच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, आठवड्यातून एकदा परदेशी चलनांचे भाव असायचे. त्या दिवसापासून ते पान वाचणं माझं काम झालं.

ड्राफ्ट महिन्यातून एकदा यायचा आणि खाला भाव दर आठवड्याला विचारायची. मी एकदा म्हटलं, "खाला, पैसे यायला अजून पंधरा दिवस आहेत, आजचा भाव घेऊन काय करणार?" तिने चरखा थांबवला. "पत्र यायला महिना लागतो, बाई. पेपरमधला भाव कालचा असतो ना? म्हणजे उधरचं कालचं काहीतरी मला समजलं. बस." नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तो 'कुवैतवाले' होता. "कुवैतवाल्यांचा दिनार आज अठरा पैसे चढला," असं ती शेजारणीला सांगायची आणि सांगताना ओढणी नीट करायची.

मी पुस्तकातली बाई. तिला भाव सांगता सांगता मलाच त्या विषयाचा नाद लागला. वाचनालयात जाऊन मी कुवेतच्या चलनाबद्दल मिळेल ते वाचलं आणि तिला सांगू लागले. तिथे पूर्वी आपलाच रुपया चालायचा, हे मी मोठ्या थाटात सांगितलं तेव्हा ती हसली. आत जाऊन तिने कुराण ठेवायच्या लाकडी रेहलीखालून एक दहाची नोट आणली. आपलीच नोट, आपल्याच रिझर्व्ह बँकेची, पण लाल. आखाती मुलखासाठी सरकारने वेगळ्या रंगात छापली होती ती. "पहिल्या खेपेला कुवैतवाले हीच घेऊन आले," ती म्हणाली. "मी गेली वाण्याकडे. तो बोलला, खाला, ये नोट को शरम आ गई क्या, लाल कायकू हुई? घेईना. अपनीच नोट, अपनाच वाणी, आणि घेईना!" ती नोट भारतात चालत नसे, फक्त बदलून मिळे. तिने ती बदललीच नाही.

मग एकसष्टच्या सुमाराला कुवेतने स्वतःचा दिनार काढला. सुरुवातीला एका दिनाराला तेरा रुपये तेहेतीस पैसे पडत. पुढे सहासष्ट साली आपल्या सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि एका रात्रीत तोच दिनार एकवीस रुपयांचा झाला. गल्लीत लोकांनी खालाला मुबारकबाद दिली म्हणे, दिनार वाढला म्हणून. त्या दिवसाबद्दल ती मला म्हणाली होती, "दिनार कुठे वाढला, बाई? दिनार तिथंच उभा होता. अपना रुपया खाली बसला. समोरचा माणूस बसला की उभा असलेला उंच दिसतो, बस." मी हे वाक्य नववीच्या वर्गात चलनाचा धडा शिकवताना वापरलं. कोणाचं ते सांगितलं नाही.

तिचं घर आणि शेड यांच्यात एकच भिंत होती. शेडमध्ये चार लूम. शेड तिच्या दिराच्या, शकूरभाईंच्या नावावर होती. कुवेतहून आलेले पैसे त्यात घातलेले होते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं. चार लूमच्या कांड्या खाला एकटी भरायची. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून तिला कळायचं की कोणता लूम बिघडतोय. "तीन नंबर लंगडतो," असं ती बसल्या जागेवरून ओरडायची, आणि पलीकडून शकूरभाई वैतागून म्हणायचे, "भाभी, तुम हकीम हो क्या लूम की?" पण लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावलं की तीन नंबरचाच पट्टा ढिला निघायचा.

तिला मूल नव्हतं. तिची एकच इच्छा होती आणि ती तिने मला बऱ्याचदा बोलून दाखवली होती: एक लूम स्वतःच्या नावावर असावा. "कांडी भरणारीला रोजचं मिळतं. हात थांबला की तेही थांबतं. लूमवाल्याचा हात थांबला तरी लूम चालतो." जुना लूम तेव्हा दोन-अडीच हजारांना मिळे. कुवैतवाले पुढच्या खेपेला येतील तेव्हा शकूरभाईंशी बोलून एक लूम तिच्या नावावर करतील, असं ठरलं होतं. पुढच्या खेपेऐवजी तार आली.

मौत तिकडे, दफन तिकडे. खाला इद्दतला बसली. विधवेने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, असा तो रिवाज. मी रोज जाताना पडद्यापाशी थांबायचे. ती आतून म्हणायची, "बाई, शाळेला उशीर होईल, जा." भाव विचारायची नाही.

चाळिसाव्यानंतर शकूरभाईंनी बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेड त्यांची आहे; पण भावाने निकाहच्या वेळी कबूल केलेला मेहर भाभीला द्यायचा राहिला आहे, तो भावाच्या वतीने ते देतील. "और रकम लूम के दाम तक पहुँच गई," ते म्हणाले, "तो रकम के बदले भाभी तीन नंबर ले लें. मुझे एतराज़ नहीं." गल्लीतले दोन बुजुर्ग साक्षीला होते. आतून, पडद्यामागून खालाने कळवलं, "मेरी तरफ़ से बाई बोलेंगी." म्हणून शाळा सुटल्यावर मला बोलावणं आलं. मी त्या घरात खुर्चीवर बसले. बाकी सगळे सतरंजीवर होते.

निकाहनामा उर्दूत होता. शकूरभाईंनी वाचला. मेहर एकशे एक रुपये आणि अकरा दीनार सुर्ख.

"सुर्ख म्हणजे?" मी विचारलं.

"सुर्ख माने लाल," शकूरभाई म्हणाले. "पुराने लोगों की ज़बान है, बाई. लिखने का ढंग है."

लाल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ती लाल नोट आली. तिकडचा पैसा लाल असायचा, हे त्या खोलीत मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमान होता. पर्समध्ये त्या आठवड्याच्या भावाचं कात्रण होतंच. दिनार अठ्ठावीस रुपये. अकरा अठ्ठावीस तीनशे आठ. त्यात एकशे एक. मी म्हणाले, "चारशे नऊ रुपये."

एक बुजुर्ग म्हणाले, "काज़ी साहब से भी पूछ लें तो बेहतर."

मी काही बोलायच्या आत पडद्यामागून खालाचा आवाज आला. तिने मला मराठीतच विचारलं, कदाचित मला चारचौघांत अवघड वाटू नये म्हणून. "बाई, माझा निकाह मुल्क आज़ाद झाला त्याच्या पुढल्या साली झाला. तेव्हा कुवैतमध्ये रुपयाच चालत होता ना? तुम्हीच सांगितला. मग हा दिनार कुठला?"

मी तिथे थांबायला हवं होतं. तिचा प्रश्न बिनचूक होता. निकाहनामा लिहिला गेला तेव्हा कुवेतचा दिनार जन्माला यायला बारा-तेरा वर्षं होती. तिचा नवरा तेव्हा कुवेतला गेलाही नव्हता. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पहिली तर मीच तिला शिकवली होती. पण समोर तीन पुरुष माझ्या उत्तराकडे बघत होते, आकडा मी सांगून टाकला होता, आणि एक अंगठेबहाद्दर बाई पडद्यामागून माझा धडा मलाच म्हणून दाखवत होती. अंगठेबहाद्दर, हाच शब्द तेव्हा माझ्या मनात आला. तो मी बदलून लिहिणार नाही.

"खाला," मी म्हणाले, "कागदावर जे नाव आहे त्याचाच भाव धरावा लागतो. दर आठवड्याला भाव तुम्ही मलाच विचारता ना? मग आज काझींना कशाला?"

पडद्यामागून ती म्हणाली, "बाई बोलतात तर तसंच असेल."

मी कागदावर मराठीत मांडणी केली, सही केली; कागद आत जाऊन खालाचा अंगठा घेऊन आला. शकूरभाईंनी चारशे नऊ रुपये मोजून आत पाठवले. लूमच्या दामापर्यंत ते पोहोचतच नव्हते, त्यामुळे तीन नंबरचा विषय निघालाच नाही. मला चहा दिला. मी प्यायले. घरी जाताना मला बरं वाटत होतं.

इद्दत संपल्यावर खाला दुसऱ्यांच्या शेडींच्याही कांड्या भरायला लागली. कुवेतचं आता काही येणार नव्हतं. मला बघून ती पूर्वीसारखीच हसायची.

सात-आठ महिने गेले. वाचनालयात जुन्या नाण्यांवरचं एक पुस्तक आलं होतं. ते चाळताना एका पानावर मला दीनार दिसला. जुन्या काळचं सोन्याचं नाणं, सव्वाचार ग्रॅमच्या आसपास वजनाचं. पुढे लिहिलं होतं की आपल्याकडच्या निकाहनाम्यांमध्ये मेहर लिहिताना अजूनही त्याच नाण्याचं नाव घालतात, सुर्ख म्हणजे लाल, म्हणजे सोन्याचा. मी पुस्तक मिटलं. मग उघडून पुन्हा वाचलं. अकरा दीनार म्हणजे चार तोळ्यांहून थोडं जास्त सोनं. त्या वर्षीच्या सोन्याच्या भावाने त्यात एक जुना लूम येत होता. तो गुणाकार मी कागदावर केला नाही. खालासारखा मनातच झाला.

दुसऱ्या दिवशी मी धामणकर नाक्यावर उतरले आणि दुसऱ्या गल्लीतून शाळेत गेले.

सांगायला हवं होतं हे मला कळत होतं. काझींना विचारता आलं असतं, बुजुर्गांपुढे चूक कबूल करता आली असती. पण कोनहून शिकून मास्तरीण झालेली मी पहिली मुलगी होते. 'बाईंनी सांगितलं' एवढीच माझी मिळकत होती आणि ती मला सोडवेना. शकूरभाईंना सुर्खचा अर्थ माहीत होता का, हे मला आजही माहीत नाही. माहीत असणार, असं मी मानून घेतलं होतं, कारण तसं मानलं की झोप लागायची. एकदा आईजवळ बोलले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग जा ना, तिला जाऊन सांग. मना कशाला सांगतंस? माजा लूम हाय का तो?" मी गेले नाही.

खालाने शाळेतल्या एका मुलीबरोबर निरोप पाठवला, "बाई रागावल्या काय?" मी उलट निरोप दिला की परीक्षेची कामं आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा निरोप, या वेळी वाटीभर शीरखुर्म्याबरोबर. वाटी मी धुऊन त्याच मुलीच्या हाती परत पाठवली.

असं दोन वर्षं चाललं. मग एका दुपारी तीच मुलगी सांगत आली की खालाचे हात आता काम करत नाहीत, बोटं वळत नाहीत, आणि ती मालेगावला बहिणीच्या मुलाकडे कायमची चालली आहे, चारच्या गाडीने. मी तास सोडून एसटी स्टँडवर गेले. ती एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. भाचा तिकिटाच्या रांगेत होता. मला बघून तिने पेटीवर सरकून जागा केली. वाटेत मी ठरवलेलं सगळं विसरले आणि हातातल्या दोन पाटल्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. आजीच्या पाटल्या, जवळपास चार तोळ्यांच्या.

"खाला, माझं चुकलं," एवढंच म्हणता आलं.

तिने पाटल्या हातात घेऊन वजन पाहिल्यासारखं केलं. "तुम्ही गल्ली बदलली ना, त्याच दिवशी मला समजलं, बाईला समजलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"इद्दत संपल्यावर काज़ीसाबला विचारलं. ते बोलले, लाल सोन्याचा. माझी अम्मी पण तसंच बोलायची."

"मग तुम्ही शकूरभाईंना का नाही सांगितलं?"

"सही तुमची होती," ती म्हणाली. "मीच बोलली होती, मेरी तरफ़ से बाई बोलेंगी. मग मीच जाऊन बोलू, बाई खोटी? गल्लीतल्या पाच पोरी तुमच्याकडे शिकतात. उद्या त्यांचे बाप बोलतील, शिकून काय होतं, ती बाई बघा." मग म्हणाली, "मी वाट बघितली. तुम्ही येऊन बोलाल. तुम्ही बोलल्या असत्या तर ते तुमचं बोलणं असतं, माझं नाही."

तिने पाटल्या माझ्या हातात परत चढवल्या. तिची बोटं वळत नव्हती, त्यामुळे वेळ लागला. मी हात मागे घेऊ लागले तर म्हणाली, "अहो ठेवा! मेहर नवऱ्याकडून येतो, बाई. तुमच्याकडून घेतला तर ती खैरात होईल. खैरात घेऊ काय मी तुमच्याकडून?"

"मी आता जाऊन सांगते शकूरभाईंना."

"आता?" ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. "आता तिथं लूम घेऊन कोण बसणार, हे हात?" तिने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. गाडी लागली. भाच्याने पेटी टपावर चढवली. खिडकीत बसल्यावर ती खाली वाकून म्हणाली, "शाळेत जा. तास बुडवू नका."

मी त्या आठवड्यात शकूरभाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कागदावर भाभीचा अंगठा आहे, बाईंची सही आहे, आता मामला खतम, असं म्हणाले. चहा मागवला. मी प्यायले नाही, पण त्याने काही बदलणार नव्हतं.

खाला मालेगावला पुढे बरीच वर्षं होती. मी पत्रं लिहिली, भाचा उत्तर द्यायचा. खाला खुशाल आहे, सलाम सांगते, एवढंच. भेटायला जाईन म्हणत राहिले. गेल्या महिन्यात त्याचंच पत्र आलं, ती गेल्याचं. लूमच्या शेडीलगतच्या खोलीत गेली, दुसऱ्याच्या लूमच्या, असं मी त्यात वाचलं. त्याने फक्त पत्ता लिहिला होता, बाकीचं माझ्याच मनातलं.

शकूरभाईंच्या शेडमध्ये आता बारा लूम आहेत. मुलगे चालवतात. त्यातला एकही लूम खालाच्या नावावर कधी नव्हता.